फोटो कुणाचा, निवड कुणाची?

जानेवारीत आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या मोबाइलचा कॅमेरा बरा आहे, म्हणून फोटोंचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. तीन तासांत चारशेच्या वर फोटो निघाले. रात्री सुकापूरच्या घरी जेवण आटोपून मी त्यातले वीस निवडायला बसलो. हललेले काढून टाकले, डोळे मिटलेले काढून टाकले. पाहुण्यांना हार घालतानाचा एक ठेवावाच लागतो, तो ठेवला. मग एका फोटोवर नजर थांबली. आठवीतला एक मुलगा बक्षीस घेऊन स्टेजवरून उतरतोय आणि रडतोय. मागे त्याचे वडील उभे आहेत, अंगात रिक्षाचा खाकी शर्ट, तेही डोळे पुसतायत. असा फोटो पुन्हा मिळणार नाही हे मला कळत होतं. पालकांच्या ग्रुपवर मी तोच सगळ्यात आधी टाकला.

मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. वर्गातली मुलं त्याला 'रडूबाई' म्हणत होती. मधल्या सुट्टीत मी त्याला बाजूला घेतलं. तो एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही दुसरा टाकायचा होता. त्यात मी हसतोय."

दुसरा खरंच होता. मी तो पाहिला होता आणि गाळला होता, कारण बक्षीस हातात घेऊन हसणारी मुलं आणखी पंधरा होती. माझ्या दृष्टीनं रडणारा फोटो चांगला होता. त्याच्या दृष्टीनं हसणारा. आणि दाखवण्याचं बटण माझ्या हातात होतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. फोटो काढणारा शंभर फोटो काढतो आणि एक दाखवतो. ती निवड तो कशी करतो? ती कुणासाठी करतो? आणि त्या निवडीची किंमत कोण मोजतो?

आमच्या घरात याच गोष्टीवरून एकदा मोठा गहजब झाला होता. १९८० नंतरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा जुन्या पनवेलात राहायचो. बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. दाराशी काचेचं कपाट, त्याला सगळे शोकेस म्हणायचे. त्यात दहा-बारा मोठे फोटो लावलेले असायचे. नवरा-नवरी, पोटावर पालथं पडलेलं बाळ, काळा झगा घातलेला पदवीधर. स्टुडिओवाल्याची तीच जाहिरात. तेव्हा फोटो काढणं महाग होतं. एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे, त्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबताना विचार करावा लागे. त्या बारांतून गिऱ्हाइकाला एक-दोन दाखवायचे आणि वर्षभरातून जो सगळ्यात चांगला उतरला तो काचेत लावायचा, अशी रीत होती.

माझ्या फुफीच्या रिश्त्याची बोलणी सुरू होती. मुलाकडच्यांना पाठवायला म्हणून तिचा फोटो काढला. तो इतका छान आला की स्टुडिओवाल्यानं मोठा करून, हातानं रंग भरून शोकेसमध्ये लावला. तीन आठवड्यांनी जुम्याची नमाज पढून परत येताना दादांनी तो पाहिला. दादा घरी न येता थेट स्टुडिओत शिरले. त्यांनी आवाज चढवला नाही असं सांगतात, पण स्टुडिओवाल्याला घाम फुटला. त्यानं माफी मागितली, फोटो काढून दिला, निगेटिव्हसुद्धा दिली. दादांनी ती निगेटिव्ह घरी आणून चुलीत टाकली. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. जळणाऱ्या निगेटिव्हचा तो वास मला अजून आठवतो.

या गोष्टीत स्टुडिओवाला चुकला आणि दादा बरोबर होते, असंच आमच्या घरात धरलं गेलं. मीही तसंच धरून चाललो होतो. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी जरा मागे जाऊ.

काचेत फोटो लावायची हौस पनवेलच्या बाजारात जन्मलेली नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. युरोपात फोटोग्राफीची घोषणा १८३९ ची, म्हणजे पंधरा वर्षांत ही कला मुंबईत रुजली होती. या सोसायटीत इंग्रज साहेबांबरोबर आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड सभासद होते. त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढत. सोसायटीत सभासद आपले फोटो आणत, मांडत, त्यांवर चर्चा होई. म्हणजे कुठला फोटो लोकांपुढे न्यायचा हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासून आहे.

याच सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींत विल्यम जॉन्सन नावाचे गृहस्थ होते. मुंबईच्या सरकारी नोकरीतले कारकून, पुढे फोटोग्राफर झाले. त्यांनी मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक दोन खंडांत काढलं. 'ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. पहिला खंड १८६३ चा, गुजरात-कच्छ-काठियावाडच्या लोकांचा. दुसरा १८६६ चा, महाराष्ट्रातल्या लोकांचा. हे फोटो नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. माणसं एका जागी उभी आहेत आणि त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच जागेचा आहे. जॉन्सननं माणसांचे फोटो वेगळे काढले, मागची दृश्यं वेगळी घेतली आणि छापताना दोन्ही जोडून एक चित्र केलं. आज मोबाइलवर आपण मागचा देखावा बदलतो, तेच काम. बहुतेक चित्रांखाली माणसाचं नाव नाही, जमातीचं नाव आहे. तो माणूस कोण, कुठं राहतो, काय करतो, याची गरज पुस्तकाला नव्हती. त्याची पगडी, त्याचा अंगरखा आणि त्याची दाढी पुरेशी होती.

१८५७ च्या उठावानंतर सरकारनं हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केलं. 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघाला. त्यात ४६८ फोटो आहेत. राज्य करायचं तर प्रजा ओळखता यायला हवी, हा त्यामागचा हिशेब. फोटो दाखवायचे ते साहेबाला, त्यामुळे निवडही साहेबाच्या डोळ्यांनी झाली. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला 'यातला कुठला छापू?' असं विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

पण त्याच शतकात एक वेगळं उदाहरणही आहे. राजा लाला दीनदयाळ हे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. दीनदयाळांनी १८९२ साली तिथं खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तो चालवायला एक इंग्रज बाई ठेवली आणि आत पुरुषांना मज्जाव केला. पडद्यातल्या बेगमा तिथं येऊन फोटो काढून घेत. मला या स्टुडिओचं महत्त्व असं वाटतं की फोटो काढणं आणि फोटो दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानं मान्य केलं होतं. बाईला फोटो हवा असतो याचा अर्थ तिला तो बाजारात हवा असतो असा नाही. पनवेलच्या आमच्या स्टुडिओवाल्याला जवळपास शंभर वर्षांनीही हे उमगलं नव्हतं.

आता स्टुडिओतून बाहेर येऊन वर्तमानपत्राकडे जाऊ, कारण तिथं निवड मिनिटांत करावी लागते. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल धुऊन झाला की सगळ्या पट्ट्या एका कागदावर मांडून छोटे छोटे ठसे काढत. त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. फोटोग्राफर किंवा संपादक भिंग लावून ते पाही आणि हव्या त्या चौकटीभोवती लाल पेन्सिलीनं खूण करी. एक लाल खूण म्हणजे पस्तीस फोटो पेटीत बंद. अनेकदा कायमचे.

या धंद्यात आपल्या देशातली पहिली मोठी बाई म्हणजे होमाई व्यारावाला. जन्म नवसारीचा, १९१३ चा. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत नट. मी उर्दूचा मास्तर असल्यामुळे मला याचं विशेष कौतुक. होमाई मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे अनेक फोटो नवऱ्याच्या, माणेकशा व्यारावालांच्या नावानं छापले गेले. म्हणजे फोटो दाखवला गेला, पण काढणारी दाखवली गेली नाही. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि पुढची जवळपास तीस वर्षं देशाचा इतिहास त्यांनी कॅमेऱ्यात धरला. जून १९४७ मध्ये काँग्रेसच्या बैठकीत फाळणीच्या योजनेच्या बाजूनं वर झालेले हात त्यांनी टिपले आहेत. तो फोटो पाहताना माझ्या पोटात अजून खड्डा पडतो. एवढेसे हात, आणि किती घरं!

होमाई आणि त्यांच्या वेळचे फोटोग्राफर एक पथ्य पाळत. समोरच्या माणसाची अब्रू जाईल असा क्षण वापरायचा नाही. त्यांच्या कॅमेऱ्यात पंडित नेहरू विमानात एका ब्रिटिश मुत्सद्द्याच्या पत्नीची सिगारेट पेटवून देताना आहेत, आणि नेहरूंच्या स्वतःच्या ओठांतही सिगारेट आहे. विमानतळावर बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, मिठी मारणारे नेहरूही आहेत. आज हेच फोटो मोबाइलवर कशा मजकुरासह फिरतात ते वाचकांनी पाहिलंच असेल. भाऊ-बहिणीच्या मिठीलाही लोकांनी सोडलं नाही. काढणारीची नजर मायेची होती, पुढे ढकलणाऱ्याची वेगळी आहे. फोटो तोच. १९७० मध्ये होमाईंनी धंदा कायमचा सोडला. नव्या फोटोग्राफरांची वागण्याची पद्धत त्यांना पटत नव्हती, हे त्यांनी त्याचं एक कारण सांगितलं आहे.

आता मी ज्या दोन फोटोंकडे येतोय ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. २००२ सालच्या अहमदाबादचे.

पहिला २८ फेब्रुवारीचा. कपाळाला पट्टी, दाढी वाढलेली, हातात लोखंडी सळई, मागे जाळ आणि धूर. हा अशोक परमार ऊर्फ अशोक मोची, फुटपाथवर चपला शिवणारा माणूस. फोटो काढला सेबास्टियन डिसोझा यांनी. दुसरा १ मार्चचा. डोळ्यांत पाणी, शर्टावर डाग, दोन्ही हात जोडलेले. हे कुतुबुद्दीन अन्सारी, व्यवसायानं शिंपी. फोटो काढला रॉयटर्सच्या अर्को दत्त यांनी.

दुसऱ्या फोटोची हकिगत अशी. अन्सारी घराच्या वरच्या मजल्यावर अडकले होते. खालून रॅपिड अ‍ॅक्शन फोर्सची गाडी निघाली होती, तीत पत्रकारही होते. अन्सारींनी त्यांच्याकडे हात जोडले. दत्तांनी लांबच्या लेन्सनं ते टिपलं. मग पत्रकारांनी जवानांना विनवलं, गाडी मागे वळली आणि अन्सारी वाचले. म्हणजे इथं फोटोग्राफरनं आधी फोटो घेतला आणि मग माणूसही वाचवला. दत्तांना दोष द्यायला मला जागा दिसत नाही. तो फोटो दाखवला नसता तर देशाला त्या दिवसाचा चेहरा कळला नसता.

पण पुढे काय झालं? अन्सारी जीव वाचवून आपल्याच महाराष्ट्रात आले, मालेगावला, बहिणीकडे. तिथं काम मिळालं. मग कुणीतरी छापलेला फोटो ओळखला आणि काम गेलं. २००३ मध्ये पश्चिम बंगाल सरकारच्या निमंत्रणावरून ते कोलकात्याला गेले, नंतर पुन्हा अहमदाबादला परतले. त्यांचे जोडलेले हात मात्र मागे राहिले नाहीत. ते पुस्तकांवर आले, पोस्टरांवर आले, निवडणुकीच्या जाहिरातीतही आले. माझा फोटो वापरू नका, प्रत्येक वेळी माझं जगणं अवघड होतं, असं त्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. तुम्ही कल्पना करा. आयुष्यातला सर्वांत असहाय क्षण, आणि जग तुम्हाला तेवढ्यावरूनच ओळखतं. तुम्ही नंतर शिवलेले शेकडो शर्ट कुणाला दिसत नाहीत.

अशोक मोचींचंही तसंच. आपण कुणावर हात उचलला नाही, असं ते सांगत आले. ते खरं की खोटं हे मी ठरवणार नाही. पण एका चौकटीत तेही अडकले एवढं खरं.

हे दोघे २०१४ मध्ये केरळात एका कार्यक्रमात एका व्यासपीठावर बसले. २०१९ मध्ये अशोक मोचींनी अहमदाबादेत चपलांचं दुकान काढलं. नाव ठेवलं 'एकता चप्पल घर', आणि उद्घाटनाला बोलावलं कुतुबुद्दीन अन्सारींना. त्याचेही फोटो छापून आले. तरी दंगलीचा विषय निघाला की २००२ चे ते दोन फोटो आपोआप समोर येतात आणि दुकानाच्या दारातला फोटो शोधावा लागतो. तो कुणी लपवलेला नाही. आपण सगळे मिळून तो निवडत नाही.

म्हणून दुःखाचे, गुन्ह्याचे फोटो दाखवूच नयेत असं मी म्हणत नाही. याच सेबास्टियन डिसोझांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जीव धोक्यात घालून हातात रायफल घेतलेल्या कसाबचा फोटो काढला. पुढे ते कोर्टात साक्षीला उभे राहिले आणि ते फोटो पुराव्यात आले. त्या रात्री स्टेशनवर मेलेल्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. तो फोटो पेटीत राहिला असता तर अन्याय झाला असता. दाखवणं हेही कर्तव्य असतं.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती आपल्या रोजच्या वर्तमानपत्राबद्दल आहे. माझे विद्यार्थी कधी कात्रणं गोळा करतात. त्यांत मुसलमान माणूस तीनच ठिकाणी सापडतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी टोप्या घालून मिठी मारणारी दोन लहान मुलं. दंगल किंवा धाडीच्या बातमीत तोंड झाकलेला तरुण. आणि हात जोडलेला पीडित. हे तिन्ही खोटे नाहीत. पण भातलावणी करणारा कोकणी मुसलमान शेतकरी, होडी ओढणारा दालदी, पनवेलच्या बाजारातला घड्याळजी, मराठीचा तास घेणारी बुरख्यातली शिक्षिका, हे फोटो कुणी काढत नाही असं नाही. ते लाल पेन्सिलीच्या बाहेर राहतात. दीडशे वर्षांपूर्वी जॉन्सननं आपल्याला जमातीच्या नावाखाली उभं केलं आणि मागचा देखावा स्वतः निवडला. आज तोच प्रकार चालू आहे असं वाटलं की वाईट वाटतं.

आणि आपण स्वतः? आपल्याकडे तसवीर जायज की नाजायज यावर खूप वाद झाले. इजिप्तचे मुफ्ती मोहंमद बखीत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅमेऱ्याच्या फोटोला मोकळीक देणारा लेख लिहिला, हिंदुस्तानातल्या बऱ्याच उलेमांनी उलट मत दिलं. मी आलिम नाही, त्या वादात पडत नाही. मला त्यात नसलेला एक प्रश्न पडतो. फोटो काढायचा की नाही यावर आपण इतकं बोललो, पण काढलेल्या फोटोवर हक्क कुणाचा, यावर किती बोललो? आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवली असेल तर ती त्याच्या मर्जीशिवाय वापरायची नाही. माझ्या मोबाइलमधले चारशे फोटो ही चारशे मुलांची अमानत होती. मला तसं वाटलंच नाही.

आता फुफीचं. ती आज साठीच्या पुढे आहे. मागच्या महिन्यात तिला भेटायला गेलो तेव्हा त्या मुलाची गोष्ट सांगितली आणि ओघात म्हणालो, "तुझ्या फोटोच्या वेळी दादांनी बरं केलं."

फुफी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो फोटो काचेत आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग?"

"मग काय? शिवणक्लासला जाताना मी मुद्दाम त्या रस्त्यानं जायचे. बुरख्यात होते, मला कोण ओळखणार? मला छान वाटायचं. इतक्या लोकांच्या बाजारात मी पण आहे, असं वाटायचं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी? त्यानं लावताना विचारलं नाही, अब्बांनी काढताना विचारलं नाही."

मी निरुत्तर झालो. इतकी वर्षं मी ही गोष्ट स्टुडिओवाला विरुद्ध दादा अशी सांगत होतो. ज्या बाईचा चेहरा, ती बाई त्या गोष्टीत नव्हतीच. एकानं न विचारता दाखवला, दुसऱ्यानं न विचारता जाळला. दादांची नियत चांगली होती यात मला शंका नाही. स्टुडिओवाल्याचीही वाईट नसावी. माझीही वाईट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत त्या मुलाला बोलावून मोबाइल त्याच्या हातात दिला आणि त्याचे सगळे फोटो दाखवले. सात होते. त्यानं दोनदा मागेपुढे केलं आणि हसणारा निवडला. त्यात उजेड कमी आहे, मागे कुणाचं तरी अर्धं डोकं आलंय, बक्षिसाचा कागद वाकडा आहे. मी तो ग्रुपवर टाकला आणि आधीचा काढून टाकला. तोपर्यंत तो किती जणांच्या मोबाइलमध्ये उतरला असेल, ते मला परत घेता येणार नाही.

रडणारा फोटो मी पुसलेला नाही. त्यालाच विचारलं, ठेवू का? तो म्हणाला, "ठेवा सर. अब्बांना द्या. पण फक्त अब्बांना." मी त्याची एक प्रत काढून घेतली, पाकिटात घातली आणि पालकसभेच्या दिवशी त्याच्या वडिलांच्या हातात दिली.